हळदीच्या मांडवातला खर्ज

न्हावा-शेवा बंदराच्या अवतीभोवतीच्या गावांत, म्हणजे उरणपासून जासई-चिरल्यापर्यंत आणि पुढे पनवेलच्या पट्ट्यात, लग्नाचा थाट कितीही मोठा असला तरी खरी गर्दी होते ती आदल्या रात्रीच्या हळदीला. मांडवाच्या एका टोकाला वादकांचा ताफा बसतो. बेंजो, ढोलकी, ट्रिपल, एखादा कच्छी ढोल, कोणत्याही कंपनीचा असला तरी सगळे ज्याला कॅसिओच म्हणतात तो कीबोर्ड, दोन-तीन गाणारे, आणि स्टँडवर तिरपा ठेवलेला, आठ रबरी चौकोनांचा ऑक्टोपॅड. बेस गिटार या ताफ्यात सहसा नसते. तरीही गाणं सुरू झालं की खुर्चीखालची जमीन हलावी असा खर्ज मांडवभर पसरतो.

हा खर्ज बऱ्याचदा ऑक्टोपॅडवरून येतो. पॅडवाला दोन काठ्यांनी ताल धरतो, पायाखालच्या पेडलनं ठोका देतो आणि मधल्या मोकळ्या जागेत खालच्या ओळीतल्या एक-दोन पॅडवर बेसचे स्वरही टाकून घेतो. संगीताचं शिक्षण शहरात घेतलेल्या माणसाला ही तडजोड वाटते. बेसवाला परवडत नाही, म्हणून त्याचं काम ड्रमवाल्याच्या गळ्यात घातलं, असं तो सहज म्हणून जातो. या किनाऱ्याच्या वाद्यांचा मागोवा घेतला तर चित्र वेगळं दिसतं. इथं खर्ज सांभाळण्याचं काम तारेच्या वाद्याकडे कधी नव्हतंच. ते पहिल्यापासून चामड्याकडे होतं आणि चामड्याकडून ते थेट रबरी पॅडकडे आलं.

बंदर येण्याआधीचा हा मुलूख मिठागरांचा, भातखाचरांचा आणि मासेमारीचा. आगरी माणूस खाजण बांधून शेती करी, मीठ पिकवी. कोळी माणूस मोरा, करंजा, न्हावा, शेवा इथून होड्या पाण्यात लोटी. दोघांच्या लग्नात गाण्याला विधीचाच मान. आगरी लग्नात धवलारीण धवले गाते आणि तिच्या गाण्यांच्या क्रमानंच लग्नाचे विधी पुढे सरकतात. धवल्यांना वाद्यांची साथ लागत नाही. बायकांचे आवाज आणि ओळीच्या शेवटी घेतलेला दम एवढ्यावर ते उभे असतात. वाद्यं असत ती मांडवाबाहेर, वरातीत आणि देवाच्या कामात.

या बाहेरच्या वाद्यांत खर्ज कोण देई? खालूबाजात सनई सूर धरी, टिमकी आणि झांज वरची लय भरी आणि ढोल खालची बाजू सांभाळी. कार्ल्याच्या एकवीरा आईला आगरी-कोळ्यांत फार मोठं स्थान. तिच्या गोंधळात संबळ वाजतो. त्याच्या जोडीतलं मोठं भांडं घुमणाऱ्या खर्जासाठीच असतं. ढोलकीच्या डाव्या पुडीला आतून मसाला लावलेला असतो. तिच्यावर तळहाताचा दाब कमी-जास्त केला की ठोका सरकत वर-खाली जातो आणि ऐकणाऱ्याला तो स्वर म्हणूनच जाणवतो.

याहूनही बोलकं उदाहरण घुमटाचं. गोव्यापासून मुंबई परिसरातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्त्यांपर्यंत हे वाद्य लग्नांत वाजत आलं. मातीचं भांडं, एका तोंडावर ताणलेलं कातडं, दुसरं लहान तोंड उघडं. उजवा हात कातड्यावर पडतो आणि डाव्या हाताचा तळवा ते उघडं तोंड झाकतो, सोडतो, अर्धवट धरतो. आतली हवा कोंडली की एक घुमार येतो, सोडली की दुसरा. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं लावत. वन्यजीव कायद्यानं त्यावर बंदी आल्यावर बकऱ्याचं कातडं वापरात आलं आणि २०१९ मध्ये गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. एका ठोक्यात ताल आणि त्याच ठोक्यात खर्जाचा स्वर, अशी दुहेरी कामगिरी करणारं वाद्य कोकणपट्टीत विजेच्या कितीतरी आधीपासून होतं.

मग बँड आला. इंग्रजी पलटणींच्या धर्तीवर उभे राहिलेले पितळी बँड गावोगावच्या लग्नांत शिरले आणि कोळीनाचाच्या चाली क्लॅरिनेट-ट्रम्पेटवर वाजू लागल्या. पलटणीच्या बँडमध्ये खर्जासाठी मोठी पितळी वाद्यं असतात. ती महाग, वजनदार आणि वाजवायला दमछाक करणारी. गावातल्या बँडला छातीवर अडकवलेला मोठा ड्रम पुरत असे. इथंही खालची बाजू पुन्हा कातड्याकडेच राहिली.

ध्वनिक्षेपकाची गोष्ट इथं सांगायलाच हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं काही उलगडत नाही. गावच्या लग्नात पहिल्यांदा वाजलेला लाऊडस्पीकर म्हणजे झाडाला किंवा बांबूला बांधलेला कर्णा, सर्वांच्या तोंडी भोंगा. त्याची घडणच अशी की माणसाचा आवाज, सनई, बासरी लांबवर जाते, पण साधारण तीनशे हर्ट्झच्या खालचं फारसं काही त्यातून बाहेर पडत नाही. बेस गिटारची सर्वात जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते. म्हणजे त्या काळात कोणी मुंबईहून बेस गिटारवाला आणून उभा केला असता, तरी भोंग्यातून त्याची नुसती खरखर ऐकू आली असती. त्यामुळे खर्ज द्यायचा तो प्रत्यक्ष, ढोलावर काठी हाणूनच. पुढे लाकडी पेट्यांचे स्पीकर आले, बारा इंची, पंधरा इंची, मग अठरा इंची. खालचे स्वर विजेवरून ऐकवणं तेव्हा कुठं शक्य झालं.

समुद्राच्या पलीकडे, मुंबईत, चित्र निराळं होतं. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला लाँचनं येताना जेमतेम तासाभराचं अंतर, पण संगीताच्या व्यवहारात ते फार मोठं होतं. मुंबईतल्या हॉटेलांच्या जॅझ बँडमधून आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून डबल बेस आणि नंतर बेस गिटार वाजवणाऱ्यांत गोव्याच्या ख्रिस्ती वादकांचा भरणा मोठा. नोटेशन वाचणारे, स्टुडिओत दिवसभर बांधलेले असे हे लोक. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यातल्या टोनी वाझ यांच्या बेसनं सत्तरच्या दशकातल्या गाण्यांना खालची बाजू दिली. अशा वादकाला उरणच्या हळदीसाठी रात्रभर मिळवणं अवघडच होतं. गावात तरुण पोरं ढोलकी घरच्या घरी शिकत, बेस शिकवणारा मात्र कोणी नव्हता.

वाद्यं बनवणाऱ्यांनाही ही अडचण ठाऊक होती आणि ती काही एकट्या कोकणाची नव्हती. इकुतारो काकेहाशी यांनी स्थापन केलेल्या रोलँड या जपानी कंपनीनं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला टीबी-३०३ नावाची चांदीच्या रंगाची लहानशी पेटी काढली. एकट्यानं वाजवणाऱ्या गिटारवाल्याला साथीला बेसवाला मिळावा, हा तिचा हेतू. तिच्या जोडीला टीआर-६०६ हे तालयंत्र होतं. बेसची पेटी बाजारात सपशेल पडली, कारण तिचा आवाज खऱ्या बेस गिटारसारखा वाटेना. १९८० साली आलेल्या टीआर-८०८ या दुसऱ्या तालयंत्राचंही तेच झालं. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून ते तीनेक वर्षांत बंद झालं. त्याच्या मोठ्या ड्रमचा ठोका मात्र लांबवता येई, इतका की तो घुमत राहून स्वर वाटू लागे. अमेरिकेतल्या हिप-हॉपवाल्यांनी जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेली ही यंत्रं उचलली आणि त्या ठोक्यालाच बेस करून टाकलं. ड्रमनं बेसचं काम करायचं ही गोष्ट आज जगभरच्या ध्वनिमुद्रणात रुळली आहे, ती या वाटेनं.

या यंत्रांचा एक फार महत्त्वाचा वापर मुंबईतच झाला, आणि तो करणारा माणूस स्वतः बेस आणि गिटार वाजवणारा होता. चरणजित सिंग हे चित्रपटसृष्टीतले वादक. त्यांनी सिंगापूरहून ही वाद्यं आणली आणि १९८२ मध्ये टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर एकमेकांना जोडून दहा रागांची एक तबकडी केली. ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट’ असं तिचं नाव. एचएमव्हीनं काढलेली ही तबकडी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा जगभरच्या संगीतप्रेमींनी कान टवकारले, कारण शिकागोत पुढे ज्या संगीताचा जन्म झाला त्याच्याशी तिचं विलक्षण साम्य होतं. सिंग २०१५ साली वारले. बेस आणि ड्रम या दोन्हींचा भार यंत्रांवर टाकून वर राग वाजवणारा हा माणूस न्हावा-शेव्यासमोरच्याच किनाऱ्यावर राहत होता. महाराष्ट्रातल्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा इतिहास लिहायचा झाला तर पहिलं प्रकरण त्यांचंच असायला हवं.

पण यंत्र आपलं आपण वाजतं, माणसाच्या हाताला दाद देत नाही. हळदीत गाणं किती वेळ चालणार, कडवं कधी परत घ्यायचं, नवऱ्याची मावशी नाचायला उतरली की लय किती चढवायची, हे आधी भरून ठेवता येत नाही. तिथं हातानं वाजणारं यंत्र हवं होतं.

ते १९८५ मध्ये आलं. रोलँडचा पॅड-८, ज्यावर ऑक्टोपॅड हे नाव पहिल्यांदा छापलं गेलं. दोन ओळींत चार-चार असे आठ पॅड. गंमत अशी की त्याच्या पोटात स्वतःचा एकही आवाज नव्हता. दोनच वर्षांपूर्वी, १९८३ मध्ये, निरनिराळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांना जोडणारी मिडी ही पद्धत जगासमोर आली होती. पॅडवर काठी पडली की तारेतून सूचना जाई आणि आवाज दुसऱ्या यंत्रातून निघे. हे दुसरं यंत्र सिंथेसायझर असेल तर पॅडवरच्या ठोक्यातून बेसचा स्वरही निघू शकतो. म्हणजे ड्रमवाल्यानं बेस वाजवण्याची शक्यता या वाद्याच्या जन्मापासूनच त्याच्यात होती. पुढे नव्वदच्या आसपास पोटात आवाज असलेले एसपीडी मालिकेतले पॅड निघाले आणि १९९८ मध्ये आला एसपीडी-२०.

भारतातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांना विचारलं तर ते ऑक्टोपॅड म्हणताना बहुधा याच मॉडेलकडे बोट दाखवतील. सातशे आवाज, नव्व्याण्णव पॅच म्हणजे पॅडवर लावून साठवलेल्या आवाजांच्या मांडण्या, बाहेरून पायाचा ट्रिगर जोडायची सोय. ड्रमसेट, कोंगो, तबला, घुंगरू, टाळी, सगळं एका स्टँडवर. टेम्पोत ड्रमसेटला लागणारी जागा वाचली, तो मांडायला लागणारा वेळ वाचला, आणि एका माणसाच्या बिदागीत तीन माणसांचं काम होऊ लागलं. २०१० मध्ये एसपीडी-३० आल्यावरही अनेकांनी जुना एसपीडी-२० विकला नाही. त्याच्या रबराचा उसळता प्रतिसाद हाताला सवयीचा झालेला असतो.

या किनाऱ्यावर ऑक्टोपॅडला जागा मिळाली ती मुख्यतः बेंजोमुळे. ज्याला आपण बेंजो म्हणतो तो मुळात जपानी. १९१२ मध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी ताइशोगोतो नावाचं तंतुवाद्य बनवलं. टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या आणि दुसऱ्या हातातल्या नखीनं तार छेडायची. भारतात ते बुलबुलतरंग म्हणून रुजलं. मुंबई-कोकणात त्याला पिकअप लावून, विजेवर चढवून बेंजो पार्ट्या उभ्या राहिल्या. रवी जाधव यांचा २०१६ सालचा ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट याच वादकांवर आहे. बेंजोचा आवाज टोकदार, वरच्या पट्टीतला. गाणारा नसला तरी गाण्याचे बोल ओळखू यावेत इतका स्पष्ट. पण त्याच्या खाली सगळं रिकामं. दोन सप्तकांच्या त्या कळांत खर्ज जवळजवळ नाहीच. कीबोर्डवाल्याचा डावा हात ती पोकळी काही प्रमाणात भरतो, पण त्याला मधले सूर आणि व्हायोलिनचे तुकडेही वाजवायचे असतात. उरतो तो पॅडवाला.

तो हे कसं करतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. कोळीगीताचा ठेका बहुधा सहा मात्रांचा, धावता. समजा गाणं काळी एकच्या पट्टीत आहे. पॅडवाला खालच्या ओळीतल्या डावीकडच्या पॅडला बेसचा आवाज देतो आणि त्याचा स्वर षड्जावर लावतो. शेजारच्या पॅडला पंचम. चाल मागत असेल तर तिसऱ्याला कोमल निषाद. पहिल्या मात्रेवर पायाचा ठोका आणि षड्जाचा पॅड एकदमच पडतो, त्यामुळे ठोक्याला दणका आणि स्वर दोन्ही मिळतात. चौथ्या मात्रेवर पंचम. मधल्या मात्रांत उजवा हात वरच्या ओळीवर रिम, टाळी, घुंगरू भरत राहतो. आगरी-कोळी चाली थोड्या स्वरांत फिरतात, ओळी छोट्या, परतपरत येणाऱ्या, त्यामुळे दोन-तीन स्वरांचा खर्ज त्यांना पुरतो. गझल किंवा सुरावटी सतत बदलणारं चित्रपटगीत आलं की ही युक्ती तोकडी पडते. तिथं कीबोर्डवाल्यालाच डावा हात खाली न्यावा लागतो.

खरी अडचण स्वराच्या लांबीची. बेस गिटारवाला बोट उचललं की स्वर थांबवतो. पॅडवर काठी पडून गेली की तिचा स्वराशी संबंध संपला. स्वर लांब ठेवला तर तो पुढच्या स्वरात मिसळून चिखल होतो, आखूड ठेवला तर नुसती ठकठक ऐकू येते. म्हणून जाणते वादक गाण्याच्या लयीनुसार आवाजाचं शेपूट कमी-जास्त करून ठेवतात आणि जलद गाण्यासाठी एक पॅच, संथ गाण्यासाठी दुसरा, असे जवळजवळ लावून घेतात. गाणं संपायच्या आत पायानं किंवा काठीच्या टोकानं पॅच बदलायचा आणि पुढच्या गाण्याची पट्टी आधी डोक्यात धरून ठेवायची. गायकानं ऐन वेळी पट्टी चढवली तर पॅडचा खर्ज बेसूर होतो आणि हे सगळ्यात आधी नाचणाऱ्यांच्या पायांना कळतं. त्यामुळे ताल पक्का असणं या वादकाला पुरत नाही, त्याला स्वरज्ञानही लागतं. ड्रमवाल्याला सूर कळायची गरज नसते, असं म्हणणाऱ्यांनी एक हळद शेवटपर्यंत बसून ऐकावी.

ऐकणाऱ्यांचा कान तयार केला कॅसेटनं. ऐंशी-नव्वदच्या दशकांत वेसाव्याच्या काशीराम चिंचय यांच्या ‘वेसावकर आणि मंडळी’नं कोळीगीतं घराघरांत नेली. त्याच सुमारास हिंदी गाण्यांच्या झंकार बीट्सच्या कॅसेटी निघाल्या, ज्यांत जुन्या गाण्यावर वरून इलेक्ट्रॉनिक ड्रमचा थर चढवलेला असे. जाणकारांनी त्यांना नावं ठेवली, पण रिक्षांत, पानटपऱ्यांवर, लाँचवर तेच वाजे. मूळ गाण्यापेक्षा जास्त ठोका, जास्त खर्ज, ही अपेक्षा तिथून मांडवात आली. लोकांना कॅसेटमधला दणका समोर ऐकायचा होता आणि तो देणारं यंत्र आता गावात पोचलं होतं.

याच वर्षांत गावं उलटीपालटी होत होती. सिडको हे सरकारी महामंडळ १९७० मध्ये स्थापन झालं आणि उरण-पनवेल-ठाणे पट्ट्यातली जमीन नव्या मुंबईसाठी संपादित होऊ लागली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले आणि त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. मूळ शेवा गाव उठलं. त्यातले लोक नवीन शेवा आणि हनुमान कोळीवाडा अशा दोन वस्त्यांत विभागले गेले. ज्या खाडीत होड्या लागत तिथं कंटेनरच्या जेट्ट्या उभ्या राहिल्या.

मिठागर गेलं, खाचर गेलं, होडीची जागा गेली, तेव्हा गावाला एकत्र आणणाऱ्या गोष्टींत लग्न आणि हळद आणखी महत्त्वाची झाली. भूखंडाचा आणि मोबदल्याचा पैसा हळदीत दिसू लागला, ताफे मोठे झाले, स्पीकरच्या भिंती उंच झाल्या. पैसा उडवला म्हणून बाहेरचे बोट दाखवतात. गाव उठवलेल्या माणसाला आपण सगळे अजून एक आहोत हे जोरात सांगावंसं वाटणं स्वाभाविक आहे, आणि हे सांगण्याचं त्याच्याजवळचं साधन गाणं हेच होतं. संतोष चौधरी ऊर्फ दादूस यांच्यासारखा हळदीच्या मांडवातला गायक २०२१ मध्ये ‘बिग बॉस मराठी’च्या घरात पोचला तेव्हा या संगीताची ताकद उरलेल्या महाराष्ट्राला दिसली.

१९९१ च्या आधी परदेशी वाद्य आणणं म्हणजे परवाने, जबर जकात, नाहीतर आखातातून किंवा सिंगापूरहून येणाऱ्या ओळखीच्या माणसाची विनवणी. आर्थिक धोरण बदललं, जकात उतरली आणि वाद्यं दुकानात मिळू लागली. देशाच्या कंटेनर वाहतुकीचा मोठा वाटा याच बंदरातून जातो. ज्यांच्या जमिनी जेट्टीखाली गेल्या त्यांच्या नातवंडांच्या हातातली यंत्रं आता असल्याच कंटेनरांतून देशात येतात.

खर्ज वाढला तशी तक्रारही वाढली, आणि तीत तथ्य आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवायचे असतात. सर्वोच्च न्यायालयानं १८ जुलै २००५ च्या निकालात हे आणखी ठामपणे सांगितलं. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. ती ज्या मापानं मोजतात ते माणसाच्या कानाच्या संवेदनेला धरून बेतलेलं असल्यानं खालच्या स्वरांना कमी वजन देतं. त्यामुळे यंत्रावरचा आकडा फार वाढलेला दिसत नाही आणि शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत मात्र धडधडतं. खालचे स्वर भिंतीतूनही आरपार जातात. स्पीकरच्या भिंतीपुढे बसलेला पॅडवाला स्वतःही या माऱ्यातून सुटत नाही. रोज रात्री त्याच्या कानावर पडणाऱ्या आवाजाचा हिशेब कोणी ठेवत नाही, हे वाईट आहे.

पण डीजे आणि ऑक्टोपॅड यांना एका मापानं मोजू नये. डीजेचा खर्ज ध्वनिमुद्रित असतो, त्याला मांडवात काय चाललंय याची खबर नसते. पॅडवाल्याचा खर्ज त्या क्षणी जन्माला येतो. नवरीला हळद लावायला आजी उठली की तो हात हलका करतो, गाणाऱ्याचा दम कमी पडला तर पंचम सोडून नुसत्या षड्जावर थांबतो, बेंजोवाल्यानं तुकडा लांबवला की त्याच्या मागोमाग जातो. घुमटवाला डाव्या तळव्यानं जे करत असे त्याची ही नवी पद्धत आहे. चामडं, तळवा, पट्टी सगळं बदललं, ताल धरणाऱ्यानंच खर्जही द्यायचा हा रिवाज बदलला नाही. म्हणून याला तडजोड म्हणणं अन्यायाचं आहे. बेसवाला नव्हता म्हणून हे सुरू झालं असेलही, पण उद्या एखादा चांगला बेसवाला मुंबईहून अटल सेतूवरून गाडीनं येऊन मांडवात उभा राहिला, तरी पायाचा ठोका आणि खर्जाचा स्वर एकाच शरीरातून निघताना जो घट्टपणा येतो तो दोन माणसांत आणायला त्याला बरेच दिवस घालवावे लागतील.

या कारागिरीची नोंद मात्र कुठंच नाही. बेंजो पार्टीच्या जाहिरातीवर मालकाचं आणि गायकाचं नाव असतं, पॅडवाल्याचं क्वचितच. एसपीडी-२० ला पेन ड्राइव्ह जोडता येत नाही. त्यातले वादकानं स्वतः लावलेले पॅच मिडीच्या तारेनं दुसऱ्या यंत्रात उतरवून घेतले नाहीत, तर ते त्या एका पेटीतच राहतात. पेटी विकली, नव्या मालकानं ती मूळ स्थितीला आणली, की कोणत्या पॅडवर कोणता स्वर, शेपूट किती, कोळी ठेक्यासाठी काय आणि हळदीच्या संथ गाण्यासाठी काय, हे सगळं पुसलं जातं. उरण, पनवेल, अलिबागच्या महाविद्यालयांतून लोकसंगीतावर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांनी धवलारणींची गाणी जशी टिपून घ्यायला हवीत, तसे हे पॅचही टिपून घ्यावेत. आणि ज्यांच्या घरी जुना ऑक्टोपॅड धूळ खात पडला असेल त्यांनी तो मोडीत काढण्याआधी एकदा सुरू करून त्यातले आकडे वहीत उतरवून ठेवावेत. त्यासोबत वाजवणाऱ्याचं नाव, गाव आणि साल लिहायला विसरू नये.